शाळेत मुलांचं ऐकून घेणारं माणूस कोण असावं? (नालंदातल्या शाळांचा प्रयोग)

तिरपी रेघ

किशोरवयीन मुलांबद्दल या चर्चामंचावर अधूनमधून तुकड्यातुकड्यांत चर्चा होते. मोबाइल, पाळी, मारामाऱ्या, परीक्षेचा ताण, आणि शेवटी "शाळा काय करतात?" मतं सगळ्यांकडे आहेत, माझ्याकडेही आहेत. पण शाळेत खरोखर काही करून बघितलं आणि त्याचं नीट मोजमाप केलं, असं आपल्याकडे फार थोड्यांनी केलंय. त्यातल्या एका प्रयोगाबद्दल लिहितो. त्याचा निकाल जरा अडचणीचा आहे, बहुधा म्हणूनच त्याची फार वाच्यता झाली नाही.

प्रयोगाचं नाव सेहेर. जागा बिहारचा नालंदा जिल्हा. करणारी संस्था गोव्याची 'संगाथ'. डिसेंबर २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यावरचा संशोधन-निबंध आला. पहिले लेखक सचिन शिंदे, शेवटचे विक्रम पटेल (संगाथच्या संस्थापकांपैकी एक). मधल्या नावांत ऑस्ट्रेलियाचे जॉर्ज पॅटन आहेत, त्यांच्याबद्दल पुढे कुणी विचारलं तर लिहीन. आडनावांवरून गावं शोधायचा मोह आवरा.

जिल्ह्यातल्या ११२ पात्र सरकारी माध्यमिक शाळांतून ७५ शाळा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडल्या. त्यांचे पुन्हा चिठ्ठ्यांनीच तीन गट केले, २५-२५-२५. पहिल्या गटात प्रत्येक शाळेला एक 'सेहेर मित्र' दिला. हा मानसशास्त्रज्ञ नव्हे. प्रशिक्षण दिलेला, पगारी, पण साधा बाहेरचा माणूस. दुसऱ्या गटात तेच प्रशिक्षण आणि तेच काम शाळेतल्याच एका शिक्षकाला दिलं. तिसऱ्या गटात जादा काही नाही, सरकारचा जीवनकौशल्यांचा वर्गातला कार्यक्रम होता तोच चालू ठेवला. (पुढे शिक्षक गटातली एक शाळा गळली.)

काम काय होतं? निव्वळ समुपदेशन नव्हतं, ही यातली मुख्य गोष्ट. सकाळच्या परिपाठात विषय मांडायचे, भित्तिपत्रक चालवायचं, नाव न घालता लिहून टाकायला एक पेटी ठेवायची, शाळेची आरोग्य समिती बसवायची, मुलांचे गट करायचे, कार्यशाळा घ्यायच्या. एखादं मूल स्वतःहून बोलायला आलं तर त्याच्याशी एकट्याने बोलायचं. म्हणजे बिघडलेलं मूल हुडकून त्याला दुरुस्त करायचं असा विचारच नाही. आधी शाळेची हवा बदलायची.

मोजायची मुख्य गोष्टही तीच होती. शाळेतलं वातावरण. शिक्षक आधार देतात का, ही शाळा आपली वाटते का, कारभारात आपल्याला विचारतात का, अभ्यासाची ओढ आहे का. नववीची मुलं, सुरुवातीच्या पाहणीत १३,०३५, शेवटच्या पाहणीत १४,४१४. मध्ये साधारण आठ महिने.

आता निकाल. मित्र असलेल्या शाळांत वातावरणाचा गुण तुलनेच्या शाळांपेक्षा ७.५७ ने जास्त. नैराश्याच्या प्रश्नावलीवरचा गुण १.२३ ने कमी. दादागिरी कमी, मार खाणं कमी (ऑड्स रेशो, म्हणजे शक्यतांचं गुणोत्तर, ०.६२; १ आलं असतं तर फरक नाही), मार देणंही कमी (०.६८). मुलगा-मुलगी समानतेबद्दलची मतं थोडी सुधारली.

आणि शिक्षकांच्या गटात? वातावरणाचा फरक उणे ०.००९. म्हणजे शून्य. "थोडा कमी परिणाम" वगैरे नाही, शब्दशः शून्य. कार्यक्रम तोच, पुस्तिका तीच, पेटी तीच.

यानंतर सव्वा वर्षाने, फेब्रुवारी २०२० मध्ये, आयुष्मान भारतखाली देशभरासाठी शालेय आरोग्य कार्यक्रम आला. प्रत्येक शाळेत दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, हे 'आरोग्यदूत'. अकरा विषय, आठवड्यातून एक तास. कुणाच्या खांद्यावर दिलं ते बघा.

माझं म्हणणं एवढंच आहे: आपण "काय शिकवायचं" यावर भांडत बसतो आणि "कुणी" हा प्रश्न फुकटात शिक्षकांच्या नावावर टाकून मोकळे होतो.

---

पाटीपेन्सिल

वाचलं. आता शिक्षकांना झोडपायला सगळे येतीलच, त्याआधी लिहून घेते.

मी अनुदानित शाळेत आहे. या वर्षी वर्ग सांभाळून माझ्याकडे काय काय होतं सांगू? यू-डायस, अपार आयडी, शिष्यवृत्तीचे फॉर्म, पोषण आहाराच्या नोंदी, आणि वर बीएलओ म्हणून मतदारयाद्या. यात "मुलांच्या मनातलं ऐका" हे अजून एक परिपत्रक. ते मी फाइलला लावते. खोटं कशाला बोलू.

त्या संशोधकांना विचारा, शिक्षकाला दिलेलं काम 'आधीच्या कामाव्यतिरिक्त' होतं ना? आणि मित्राचं तेवढंच काम होतं ना? मग ही तुलना शिक्षक आणि मित्र यांची कशी? ती वेळ असलेला माणूस आणि वेळ नसलेला माणूस यांची झाली.

---

तिरपी रेघ

पाटीपेन्सिल, अगदी बरोबर, आणि निबंधही शिक्षकांना नालायक ठरवत नाही. पण धोरणाच्या नजरेने बघा. सरकार जेव्हा शिक्षकाला हे काम देतं तेव्हा तेही 'आधीच्या कामाव्यतिरिक्त'च देतं. म्हणजे प्रयोगाने जे तपासलं तेच प्रत्यक्षात घडतंय. रिकामा वेळ असलेला शिक्षक प्रयोगात घेतला असता तर तो प्रयोग खोटा ठरला असता, कारण असा प्राणी कुठल्याच शाळेत सापडत नाही.

---

मोगरी

फक्त वेळेचा प्रश्न नाही हो. मी दहावीतल्या मुलाची आई आहे. समजा बाईंना तासभर वेळ मिळाला. माझा मुलगा त्यांना जाऊन सांगेल का, की त्याला गणिताच्या सरांची भीती वाटते? बाई आणि ते सर एकाच स्टाफरूममध्ये डबा खातात. तोंडी परीक्षेचे वीस गुण याच मंडळींच्या हातात. सांगून बसलं आणि चहाच्या वेळेला ते फुटलं तर?

आमच्या वेळी तर काही सांगायला गेलं की आधी "तू काय केलंस?" हाच प्रश्न. शारीरिक शिक्षा २००९ च्या कायद्याने बंद झाली, हा प्रश्न कुठे बंद झालाय.

---

कोरडा हिशोब

रसभंग करतो. आकड्यांकडे जरा बघू.

निबंधात वातावरणासाठी इफेक्ट साइज (परिणाम किती मोठा त्याचं माप) १.८८ दिलाय. ७.५७ ला १.८८ ने भागलं की ४ च्या आसपास येतं. हे झालं प्रमाण विचलन, म्हणजे गुण एरवी एकमेकांपासून किती विखुरलेले असतात त्याचं माप, आणि उडी त्याच्या जवळजवळ दुप्पट. शाळांमधल्या कार्यक्रमांत ०.१ ते ०.३ मिळाला तरी लोक पेढे वाटतात. १.८८ बघून माझ्या भुवया वर गेल्या, आणि जाव्यातच.

शंका अशी. मोजमाप मुलांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीचं आहे. आपल्या शाळेत नवीन ताई-दादा आलाय हे मुलांना दिसतंय. तो गोड बोलतो, खेळ घेतो. वर्षाअखेरीस कुणी विचारलं "शाळा कशी वाटते?" तर मूल चांगलंच म्हणणार. हवा बदलली की उत्तर बदललं, हे कसं ओळखायचं?

दुसरं, १४ हजारांचा आकडा बघून हुरळू नका. चिठ्ठ्या शाळांच्या टाकल्यात, मुलांच्या नाही. एका शाळेतली मुलं एकाच पाण्यातली, त्यामुळे हिशोबाला खरं बळ २५ विरुद्ध २५ शाळांचं. विश्लेषणात ते धरलंय, तक्रार नाही. वाचणाऱ्याच्या लक्षात राहावं म्हणून लिहिलं.

---

तिरपी रेघ

कोरडा हिशोब, पहिल्या शंकेवर दोन मुद्दे.

एक, शिक्षकांच्या गटातही मुलांना दिसत होतंच की काहीतरी नवीन चाललंय. पेटी आली, भित्तिपत्रक आलं, गट झाले. नुसत्या नावीन्याने उत्तरं गोड होत असती तर तिथेही थोडी तरी हलायला हवी होती. ती हलली नाहीत. त्या अर्थाने शिक्षकांचा गट हीच तुमच्या शंकेची चाचणी आहे.

दोन, पुढच्या शैक्षणिक वर्षातही काम चालू ठेवून १७ महिन्यांनी पुन्हा मोजलं. ते २०२० मध्ये 'प्लॉस मेडिसिन' या नियतकालिकात आलं. मित्रांच्या शाळांतला फरक कमी व्हायच्या ऐवजी वाढला होता. शिक्षकांचा गट तिथेच. नव्याची नवलाई दुसऱ्या वर्षी ओसरते, वाढत नाही.

---

कोरडा हिशोब

दुसरा मुद्दा मान्य. पहिला अर्धाच मान्य. माणूस आवडणं आणि पेटी आवडणं यात फरक आहे, आणि ताई-दादा फक्त एकाच गटात होते. पण शिक्षक गटात किंचितही काही न दिसणं हे मलाही विचित्र वाटतं. सहसा काहीतरी इकडे तिकडे होतंच.

---

पणजीची पावसाळी

गोव्यातून लिहिते. हे सगळं नालंदात एकदम उगवलेलं नाही, त्याची मुळं आमच्याकडे आहेत. संगाथ १९९६ पासून गोव्यात आहे. बिहारच्या आधी त्यांनी गोव्यातल्या शाळांत 'शेप' नावाचा कार्यक्रम करून बघितला, त्यावरचा निबंध २०१२ चा. तिथेही साधी, प्रशिक्षण दिलेली माणसंच शाळेत समुपदेशक होती. असं चालतं का, शाळा घेतात का, मुलं येतात का, हे आधी तिथे बघून घेतलं.

त्याच्याही आधी मोठ्यांसाठीचा 'मानस' प्रयोग, तोही गोव्यातच. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि खासगी डॉक्टर मिळून २४ ठिकाणी, नैराश्य-चिंतेच्या रुग्णांसाठी असेच साधे समुपदेशक. २०१० मध्ये तो लॅन्सेटला आला. सरकारी केंद्रांत फायदा स्पष्ट दिसला. विशेष म्हणजे खासगी डॉक्टरांकडे तसा दिसला नाही.

शाळेतल्या समुपदेशकांना मी जवळून बघितलंय (सेहेरच्या नव्हे, दुसऱ्या). त्यांची पहिली अडचण खोलीची. शाळेत रिकामी खोली नसतेच. मग जिन्याखाली, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, कुठे ग्रंथालयात कपाटाआड. आणि खोलीवर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लावली की झालं, त्या दारातून आत जाणारा प्रत्येक जण 'तसला' ठरतो. परिपाठ, भित्तिपत्रक, खेळ ही कामं त्याच माणसाकडे असली की मुलं निमित्त काढून येतात. भित्तिपत्रकाचा कागद द्यायला आलेली मुलगी दहा मिनिटं रेंगाळते, मग बोलते.

---

बिनखात्याचा

बाहेरची माणसं शाळेत घुसवून मुलांच्या डोक्यात काय भरतात ते आम्हाला माहीत आहे. समानता, लैंगिक ज्ञान वगैरे. ही कामं आईबापांची आहेत. याच कारणासाठी आपल्या राज्याने शाळेतला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम एकदा थांबवला होता.

---

मोगरी

@बिनखात्याचा, २००७ साली थांबवला होता, आणि इतर राज्यांनीही. त्यानंतर आईबापांनी ते काम केलं का? माझ्या आईने नाही केलं. मी माझ्या मुलाबरोबर करायचा प्रयत्न केला, तो हेडफोन लावून बसला.

---

तिरपी रेघ

बिनखात्याचा, सेहेरमध्ये लैंगिक-प्रजनन आरोग्याच्या माहितीत फरक पडला, पण तो यादीतला अगदी किरकोळ फरक होता (०.२९). मोठा बदल मारामारी, दादागिरी आणि "शाळा आपली वाटते" यात झाला. त्याला तुमचा विरोध नसावा.

बाकी बाहेरची माणसं शाळेत जाऊन मुलांशी बोलतात हे महाराष्ट्राला नवीन नाही. गडचिरोलीत राणी बंग यांची 'तारुण्यभान' शिबिरं कित्येक वर्षं चालू आहेत. मुंबईत २००८ ते २०१० मध्ये टाटा समाज विज्ञान संस्था, कोरो आणि आयसीआरडब्ल्यू या संस्थांनी महापालिकेच्या ४५ शाळांत सहावी-सातवीच्या मुलांबरोबर मुलगा-मुलगी समानतेवर काम केलं.

---

डॉ. ओपीडी

प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी केलेला माणूस म्हणून एक फरक नोंदवतो, तो वर कुणी केलेला नाही.

शाळेमार्फत आम्ही काय काय करतो? आठवड्याला लोहाची निळी गोळी. फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या दहा तारखेला जंताची गोळी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या गाडीतून तपासणी (हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरातूनच सुरू झाला). ही कामं शिक्षक करतात, आणि जिथे मनावर घेतात तिथे उत्तम करतात. बाई स्वतः वर्गासमोर गोळी खातात, मग पोरीही खातात. जेवल्यावर द्यायची, उपाशीपोटी दिली की मळमळते, एक पोरगी ओकली की बघताबघता दहा जणींना चक्कर येते. हे सगळं शिक्षक आमच्यापेक्षा छान सांभाळतात. १५ ते १९ वयोगटातल्या मुलींत रक्तक्षयाचं प्रमाण पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात ५९.१ टक्के निघालं. म्हणजे हे काम लहान नाही.

पण गोळी देणं आणि ऐकून घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. गोळीला अधिकार लागतो. "खा!" म्हटलं की खाल्ली पाहिजे. ऐकून घेताना नेमका तोच अधिकार आड येतो. आपण दोन्हींना 'शालेय आरोग्य' म्हणतो आणि एकाच माणसाला देतो.

तालुक्याच्या रुग्णालयात किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिकही आहेत, राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ चा. तिथे मुलं स्वतःच्या पायांनी येतील ही अपेक्षा. माझ्या अनुभवात जी येतात ती बहुधा आईबरोबर, आणि आईच बोलते.

---

पाटीपेन्सिल

डॉक्टर, हे पटलं. आणि अपमान न वाटता पटलं. :)

---

थेम्सकाठी

इंग्लंडहून. इकडचे दोन दाखले देते, मुलं इथल्या शाळेत असल्यामुळे थोडं वाचलं होतं.

इथे 'मिरियाड' नावाचा मोठा प्रयोग झाला. ८० हून जास्त शाळा, आठ हजारांवर मुलं, शिक्षकांना माइंडफुलनेस (मन चालू क्षणावर ठेवायचा सराव) शिकवून त्यांनी ती वर्गात शिकवायची. २०२२ मध्ये निकाल आले: नेहमीच्या शाळांपेक्षा काहीही फायदा नाही. मुलांनी घरी सराव केलाच नाही, आणि बऱ्याच जणांना ते कंटाळवाणं वाटलं. माझी मुलगी म्हणाली, "सरांनी डोळे मिटायला सांगितले, आम्ही अर्ध्या डोळ्यांनी एकमेकांकडे बघत होतो."

पण उलटाही दाखला आहे. 'इन्क्लुझिव्ह', दक्षिण इंग्लंडमधल्या ४० शाळा, २०१८, तोही लॅन्सेटमध्ये. तिथे राबवणारे शाळेचेच शिक्षक होते. मुलं आणि शिक्षक यांचा मिळून एक गट शाळेचे नियम ठरवायचा, आणि भांडण झालं की शिक्षेऐवजी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवायचे. दादागिरी कमी झाली. थोडीच, पण झाली. म्हणजे "शिक्षक म्हणजे शून्य" हे सगळीकडे खरं नाही.

---

तिरपी रेघ

थेम्सकाठी, फार चांगला दाखला दिलात, माझ्या धाग्याच्या विरोधात जाणारा. फक्त बघा, इन्क्लुझिव्हमध्ये शिक्षकांनी मुलांची मनं सांभाळायची नव्हती. त्यांनी स्वतःची शिक्षेची पद्धत बदलायची होती, आणि ते काम शिक्षकच करू शकतात, बाहेरचा माणूस नाही.

यात युरोपचा 'सेयले' घाला. दहा देश, १६८ शाळा, ११,११० मुलं, लॅन्सेट २०१५. तीन वेगळे उपाय तपासले. शिक्षकांना "धोक्यातली मुलं ओळखा" असं शिकवणं हा एक, प्रश्नावलीने मुलं चाळून तज्ज्ञांकडे पाठवणं हा दुसरा, आणि बाहेरून आलेल्या प्रशिक्षित माणसांनी मुलांबरोबर भूमिका करत, चर्चा करत काही तास घालवणं हा तिसरा. वर्षभराने आत्महत्येचे प्रयत्न फक्त तिसऱ्या गटात लक्षणीय कमी झाले, साधारण निम्मे. शिक्षकांना सावध करून फरक पडला नाही.

आणि जॉर्ज पॅटन राहिलेच. शाळेची हवा बदलली तर मुलांचं आरोग्य बदलतं, ही कल्पना त्यांनी मेलबर्नच्या बाजूला 'गेटहाउस' प्रकल्पात १९९७ पासून २६ शाळांत तपासली होती. तिथे नैराश्यावर फरक दिसला नाही, पण दारू-सिगारेटसारख्या सवयींत दिसला. ते डिसेंबर २०२२ मध्ये गेले.

---

कायद्याचं बोला

सगळे 'विश्वास', 'गुपित' म्हणताहेत म्हणून एक कटू गोष्ट सांगतो. समजा मुलीने शाळेतल्या 'सेहेर मित्रा'ला सांगितलं की नातेवाईक अंगाला हात लावतो. मित्र ते गुपित ठेवू शकत नाही. पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ नुसार कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. तो शिक्षक असो, मित्र असो, डॉक्टर असो.

गुंता पुढे आहे. सोळा वर्षांची मुलगी आणि सतरा वर्षांचा मुलगा, राजीखुशीने. कायद्याच्या नजरेत अठराच्या आतली संमती ही संमतीच नाही. मुलीने शंका विचारायला तोंड उघडलं आणि गोष्ट पोलिसांत गेली, तर पुढची दहा मुलं त्या खोलीकडे फिरकणार नाहीत. अशा वेळी साध्या, प्रशिक्षित माणसाने काय करायचं हे कुठल्याही पुस्तिकेत एका ओळीत लिहिता येत नाही.

---

पणजीची पावसाळी

हे खरं आहे. आम्ही पहिल्याच भेटीत मुलांना सांगतो, "तू मला सांगितलेलं मी कुणाला सांगणार नाही, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुझ्यावर अत्याचार करत असेल, तर मला सांगावं लागेल, आणि सांगण्याआधी मी तुला कळवीन." मुलांना हे समजतं. मोठ्यांना वाटतं तेवढी ती बावळट नसतात. काही जण ते ऐकून गप्प बसतात आणि दोन आठवड्यांनी परत येतात.

---

चौथा तास

मुख्याध्यापक आहे, ग्रामीण. पेटीबद्दल बोलतो.

तक्रारपेटी आमच्याकडे आहे. शासनाचा आदेश आहे, सखी सावित्री समितीही आहे (२०२२ चा निर्णय), बदलापूरच्या घटनेनंतर तपासणीही झाली. पेटी माझ्या कार्यालयाच्या दाराशेजारी, किल्ली माझ्या खणात. वर्षभरात त्यातून बिस्किटाचे कागद आणि एक प्रेमपत्र निघालं. तपासणीत शेरा 'समाधानकारक'.

या धाग्यावर नालंदाच्या पेटीबद्दल वाचून विचारावंसं वाटलं: तिथे चिठ्ठ्या का आल्या?

---

तिरपी रेघ

सर, जे समजलं ते असं. पेटी हा त्या कामाचा एक तुकडा होता, सुटी पेटी नव्हती. चिठ्ठीतला प्रश्न नाव न घेता सगळ्यांसमोर घ्यायचा, त्यावर काय केलं ते सांगायचं, शाळेच्या समितीत मांडायचा. मूल चिठ्ठी टाकतं ती पहिल्या चिठ्ठीचं काय झालं ते बघून.

नंतर डेझी सिंगला, शिंदे, पॅटन आणि पटेल यांनी हाच धागा पकडून वेगळं विश्लेषण केलं, ते २०२१ चं: नैराश्य आणि हिंसा कमी झाली ती वातावरण सुधारल्याच्या वाटेनेच झाली का? उत्तर बऱ्याच अंशी हो असं येतं.

---

कोरडा हिशोब

मध्यस्थ विश्लेषण आहे ते. दोन्ही गोष्टी त्याच मुलांनी त्याच प्रश्नावलीत सांगितलेल्या. एवढं बोलून गप्प बसतो.

---

रिकामा डबा

खर्चाचं कुणीच बोलेना. प्रत्येक शाळेत एक पगारी माणूस. इथे कला, क्रीडा, कार्यानुभवाचे अंशकालीन निदेशक वर्षानुवर्षं मानधनासाठी आझाद मैदानात बसतात. मुख्याध्यापकाची पदं रिकामी. त्यात 'मित्र' कोण भरणार? गेल्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांत प्रशिक्षित समुपदेशक नेमा असं सांगितलं. चांगलं झालं. माझी भीती ही की आहे त्याच शिक्षकाला तीन दिवसांचं प्रमाणपत्र देऊन 'समुपदेशक' म्हणून दाखवतील आणि रकाना भरतील.

अवांतर: त्याच बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली दिल्या. मुरलीधरन आणि प्रकाश यांच्या अभ्यासात मुलींचं माध्यमिक शाळेतलं योग्य वयातलं नाव नोंदणं ३२ टक्क्यांनी वाढलेलं दिसतं. सायकलीला मानधन लागत नाही, संपावर जात नाही.

---

डॉ. ओपीडी

डबाशेठ, सायकल मुलीला शाळेपर्यंत आणते, पुढचं तिला माहीत नाही. :)

पैशांबद्दल: आशाताई नेमायच्या आधीही हेच म्हटलं गेलं होतं. बंग दांपत्याने गडचिरोलीत गावातल्या स्त्रियांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं, १९९९ मध्ये लॅन्सेटला आकडे आले, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. तेव्हाही तज्ज्ञांनी नाकं मुरडली होती, इंजेक्शन साध्या बाईच्या हातात कसं द्यायचं म्हणून. पुढे घरी जाऊन नवजात बाळ बघणं हा आशांच्या कामाचाच भाग झाला. आशांना आपण किती कमी देतो हा वेगळा, लाजिरवाणा विषय आहे.

---

मोगरी

एक प्रश्न. सगळं नववीत का? माझ्या मुलाचं बिनसलं ते सातवीत.

---

पणजीची पावसाळी

प्रश्न योग्य आहे, सेहेरने मोजलं ते नववीपासूनच. मुंबईचं काम सहावी-सातवीचं होतं, ते वर आलंय.

आणि एकट्याने बोलण्याचं काम शाळेच्या हवेपासून तोडलं तर काय होतं, तेही संगाथनेच पुढे बघितलं. 'प्राइड', दिल्लीतल्या सहा सरकारी शाळा, २५१ मुलं, साधे समुपदेशक, समस्या सोडवायची थोड्या भेटींची पद्धत, २०२० चा निबंध. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी कमी झाल्या, पण मानसिक आजाराच्या लक्षणांत तुलनेच्या गटापेक्षा ठळक फरक दिसला नाही. तेव्हा नुसता माणूस नेमून भागेल असंही समजू नका.

---

चौथा तास

चर्चा वाचून दोन गोष्टी ठरवल्यात, इथे लिहून ठेवतो म्हणजे कुणी विचारेल. पेटी कार्यालयाजवळून काढून मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर, पाण्याच्या टाकीशेजारी लावतो. आणि किल्ली शिक्षकांकडे न ठेवता पालक-शिक्षक संघातल्या एका ताईंकडे देतो; त्या बारावी झालेल्या आहेत, गावात भांडणं मिटवायला त्यांनाच बोलावतात. दर शनिवारी परिपाठात एक चिठ्ठी वाचायची, नाव न घेता. पॉक्सोचं काय करायचं ते 'कायद्याचं बोला' यांनी मला व्यक्तिगत निरोपात लिहावं.

पगार मात्र मी देऊ शकत नाही. ताईंच्या येण्याजाण्याचं बघतो.

---

पाटीपेन्सिल

सर, शनिवारची पहिली चिठ्ठी शिक्षकांविरुद्ध आली तर तीही वाचणार का?

---

चौथा तास

स्टाफ मीटिंगमध्ये हाच प्रश्न आला. दोघे नाही म्हणाले, एक जण उठून गेले. वाचणार.